नदीकाठचा मुक्काम

मंडळी, आपल्यात एक म्हण आहे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये. ऋषीचे एक वेळ सोडून द्या. त्याचे कूळ विचारून आपल्याला काय करायचे आहे? पण ज्याला नदीकाठी रात्र काढायची आहे त्याने मात्र नदीचे मूळ पहिल्याप्रथम विचारावे. ही नदी कुठून येते, तिकडे पाऊस कसा आहे, वाटेत धरण कोणते, हे न विचारता ज्यांनी काठावर पथारी टाकली त्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. त्यांत एक बादशहासुद्धा होता. त्याची गोष्ट पुढे येईलच.

तुम्ही म्हणाल, हा विषय आज कशाला? आज अशासाठी की नदीच्या आणि तळ्याच्या काठी राहायला जाण्याची हौस वाढते आहे. पूर्वी माणसे गरजेपोटी काठावर उतरत. आता शहरातली कुटुंबे मुलाबाळांसह मुद्दाम तंबूत राहायला येतात. कोणी साधी राहुटी लावतो, कोणी गादी, दिवे, पंखे असलेला थाटाचा तंबू मागतो. त्याला शहरात ग्लॅम्पिंग म्हणतात. कोणी तर चाकांवरचे घरच घेऊन निघतो. अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने या कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. शिवाय शाळांच्या सहली, स्काउटांची शिबिरे, महाविद्यालयांची सेवाशिबिरे आहेतच. गुरुजी आणि बाई, चाळीस-पन्नास पोरे बरोबर घेऊन निघणारे तुम्हीच. तेव्हा जागा कोणती धरायची, हा प्रश्न तुमचाही आहे.

प्रश्न नवा दिसतो, पण तो आपल्या भूमीत हजारो वर्षे सुटत आणि चुकत आलेला आहे. त्याचाच थोडा इतिहास आज सांगायचा आहे.

प्रथम आपल्या पालमपासूनच सुरुवात करू. आपल्या तालुक्याच्या कडेने गोदावरी वाहते. आपण तिला गंगा म्हणतो आणि तिच्या काठाला गंगथडी म्हणतो. थडी म्हणजे काठ. उमरथडीसारख्या गावाच्या नावातच काठ आहे. आता अशा थडीच्या कोणत्याही जुन्या गावात जा आणि जुने गावठाण कुठे आहे ते पहा. नदी जवळ असते, पण घरे उंचवट्यावर असतात. खाली सपाटीला काळी, म्हणजे पिकाची जमीन. वर पांढरी, म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तीने, राखेने, पडक्या भिंतींच्या मातीने पांढरट झालेली जागा. नदीकाठची काळी पिकाला, पांढरी राहायला. पूर आला तर पीक जाईल, पण माणूस आणि जनावर वाचेल, असा हा हिशेब आहे. तो कोणी पुस्तकात लिहून ठेवला नाही, गावाच्या ठेवणीतच मांडून ठेवला. मुक्कामाची जागा कशी निवडावी याचा पहिला धडा आपल्या पायाखालीच आहे.

हा धडा फार जुना आहे. नाशिकजवळ गोदावरीच्या काठी आणि नेवाशाला प्रवरेच्या काठी वाळूगोट्याच्या जुन्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उजेडात आणली. त्या माणसाला घर नव्हते, गाव नव्हते. त्याचे सारे आयुष्यच मुक्कामाचे, आणि मुक्काम पाण्याजवळचा. पुढे शेती आली. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती तिथे मिळाली, आणि तिच्याबरोबर दगडमातीचा बांध व पाण्याचा चरही मिळाला. म्हणजे पहा, पाण्याजवळ राहायचे, पण पाण्याला वाट काढून द्यायची आणि आपल्या घरापासून दूर ठेवायचे, हे त्या लोकांना कळत होते.

आता मुक्काम निवडणे हा ज्यांचा पेशाच होता, त्यांच्याकडे वळू. हे लोक म्हणजे लष्करातले. मोगल बादशहाची स्वारी निघाली की तंबूंचे दोन संच असत. एका संचात बादशहा राहत असे आणि दुसरा संच आधीच पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे. त्याला पेशखाना म्हणत. बर्निये नावाच्या फ्रेंच वैद्याने १६६४-६५ च्या काश्मीरच्या प्रवासात हे सारे डोळ्यांनी पाहून लिहिले. जागा हेरण्यासाठी मीर मंजिल नावाचा स्वतंत्र अधिकारी पुढे जात असे. पाणी कुठे, जमीन सपाट कुठे, बाजार कुठे बसेल, हे त्याने ठरवायचे.

मराठ्यांच्या लष्करात हे काम बिनीवाल्याकडे असे. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. बिनीवाला पुढे जाऊन जागा पाही आणि तिथे निशाण रोवी. १८०९ साली ब्राउटन नावाचा एक इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या फौजेबरोबर हिंडत होता. त्याने त्या छावणीची पत्रे लिहून ठेवली आहेत. तो सांगतो की बिनीवाला एक लहानसे पांढरे निशाण रोवी. त्या ठिकाणी शिंद्यांचे डेरे पडायचे. मग बाजारांची निशाणे लागत, आणि फौज कुठेही गेली तरी छावणीची मांडणी एकसारखी राही. त्यामुळे रात्री येणाऱ्या माणसालाही आपला तंबू सापडे. चालते गावच ते! आजच्या शिबिरप्रमुखाने यातून एवढे तरी घ्यावे की सगळी मंडळी पोचल्यावर जागा शोधत बसायचे नसते. एकाने आधी जाऊन दिवसाउजेडी जागा पाहून यायचे असते.

पण आधी पाहणारा माणूस असला म्हणजे चूक होत नाही, असे मात्र नाही. आता ती बादशहाची गोष्ट ऐका.

सन १७००. औरंगजेब बादशहा ऐंशी ओलांडलेला. त्या वर्षी त्याने साताऱ्याचा अजिंक्यतारा घेतला, मग परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड घेतला. पावसाळा आला, फौज थकली. तेव्हा बादशहाचा तळ खवासपूर येथे पडला. हे गाव सोलापूर जिल्ह्यात, सांगोल्याकडे, माण नदीच्या काठी. माण ही भीमेची उपनदी. वर्षातला बराच काळ कोरडी. लाखांच्या घरातली माणसे, हत्ती, घोडे, उंट, बैल एवढ्या लवाजम्याला जागा पुरेना. नदीचे कोरडे पात्र मोठे रुंद, सपाट, वाळूचे. साहजिकच काही लोकांनी पात्रातच तंबू ठोकले.

१ ऑक्टोबरची मध्यरात्र. वरच्या डोंगरात अवेळी मोठा पाऊस झाला होता. छावणीतल्या लोकांना त्याची वार्ता नव्हती. एकाएकी पाण्याचा लोंढा आला आणि झोपलेल्या छावणीवरून गेला. माणसे गेली, जनावरे गेली, तंबू वाहून गेले. जो आरडाओरडा झाला तो ऐकून बादशहाला वाटले, मराठे छावणीत शिरले! तो घाईने उठला, धडपडला, आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. पुढची सहा-सात वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, बादशहा लंगडत राहिला. दरबारी लोकांनी त्याची समजूत काय घातली? आपला पूर्वज तैमूर लंगडा होता, त्याचा हा वारसा! पहाट होता होता पाणी ओसरलेही.

मंडळी, त्या काळी या देशात बादशहापेक्षा थाटाचा तंबू कोणाचा असणार? जागा हेरणारे अधिकारी होते, पहारे होते, हकीम होते. पण पात्र कोरडे आहे एवढे पाहिले, आणि पात्र म्हणजे नदीचेच घर आहे हे विसरले. कोरडी नदी ही गेलेली नदी नव्हे. घरधनी बाहेरगावी गेला म्हणून त्याच्या माजघरात आपण बिऱ्हाड थाटतो का? दुसरी गोष्ट, पाऊस मुक्कामावर पडला नव्हता, वर डोंगरात पडला होता. डोक्यावर चांदणे असले तरी पूर येतो. म्हणूनच मी आरंभी म्हटले की नदीचे मूळ विचारा.

आपल्याकडे हे अनुभवायला मोठी नदीही लागत नाही. पालमजवळची लेंडी नदी आणि तालुक्यातली गळाटी नदी पहा. उन्हाळ्यात पोरे त्यांच्या पात्रात खेळतात. पावसाळ्यात एखादी रात्र अशी येते की पाणी पुलावरून जाते आणि पलीकडच्या गावांचा संबंध तुटतो. शाळेची पोरे अलीकडे आणि आईबाप पलीकडे, असे झालेले तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल.

पाण्याच्या फार जवळ गेल्याने काय होते ते आपण पाहिले. आता पाण्यापासून तुटल्याने काय होते तेही पहा. १७२८ च्या फेब्रुवारीत थोरल्या बाजीरावांनी निजामाला पालखेडजवळ गाठले. पालखेड हे वैजापूर तालुक्यातले गाव. बाजीरावांनी मोठी लढाई दिलीच नाही. जिथे पाणी नाही, दाणावैरण नाही अशा जागी निजामाची फौज कोंडली. तोफा होत्या, खजिना होता, पण घोड्याला पाजायला पाणी नव्हते. निजामाला वाकावे लागले आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला.

तिसरी गोष्ट आपल्या गोदावरीचीच आहे. १७६३ साली निजाम अलीची फौज गोदावरी ओलांडून औरंगाबादेकडे निघाली होती. अर्धी फौज आणि निजाम उत्तर काठाला गेले. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन दक्षिण काठावर राक्षसभुवनजवळ राहिला. ऑगस्टचा महिना, नदी भरलेली. १० ऑगस्टला माधवराव पेशवे आणि राघोबादादा यांनी या अलीकडच्या फौजेवर झडप घातली. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडे निजाम होता, पण मधल्या पाण्यामुळे त्याला मदत करता आली नाही. आपल्या माणसांच्या आणि आपल्यामध्ये नदी ठेवू नये, हा यातला धडा. आज शत्रू नाही, पण साप चावला, पोराला ताप चढला, तर रस्ता आणि दवाखाना आपल्याच काठाला असावा, एवढे तरी ध्यानात ठेवायला नको का?

आतापर्यंत आपण आपल्या सुरक्षिततेचे बोललो. पण मुक्कामाला दुसरी बाजू आहे. आपण उतरतो ती जागा कोणाची तरी असते.

शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. ते राज्याभिषेकाच्या सुमाराचे आहे. चिपळूणजवळ घोडदळाची पावसाळी छावणी होती. तिथल्या जुमलेदारांना आणि कारकुनांना ते लिहिले आहे. त्याचा मथितार्थ असा: दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने खर्चा. आज उधळाल तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत. असे झाले तर रयतेला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीविषयी ताकीद आहे. कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. एवढा मोठा राजा, पण उंदराने ओढून नेलेल्या वातीपर्यंत त्याची नजर गेली. मुक्काम म्हणजे बारीकसारीक गोष्टींची व्यवस्था, हे त्यांना ठाऊक होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काठावरच्या गावाला आपला जाच होता कामा नये.

लष्कराइतकाच, किंबहुना त्याहून जास्त मुक्कामाचा अनुभव आपल्या हिंडत्या लोकांजवळ आहे. बंजारा समाजाचे तांडे लदेणीचे हजारो बैल घेऊन धान्य, मीठ वाहत. रात्री उतरले की गोण्या रचून त्यांची भिंत करीत आणि आत माणसे झोपत. पाणी आणि चराई जिथे मिळेल तिथे तांडा पडे. पुढे सडका झाल्या, आगगाडी आली, लदेणी बसली आणि तांडे स्थायिक झाले. आज मराठवाड्यात जागोजागी तांडा या नावाच्या वस्त्या आहेत.

धनगर बांधवांचा वाडा तर तुम्ही दरवर्षी पाहता. पाल ठोकले, मेंढरे शेतात बसवली, चार रात्री काढल्या आणि पुढे गेले. मागे काय राहिले? लेंडीखत. शेतकरी त्यांना बोलावून आणतो, धान्य देतो, कारण ते उतरले की रानाचा कस वाढतो. आजच्या सहलीची मंडळी उठून गेल्यावर मागे काय राहते? प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्यांच्या काचा, अर्धवट जळलेली लाकडे. आपल्या मेंढपाळाला शाळेत जायला मिळाले नसेल, पण मुक्काम कसा करावा हे त्याने आपल्याला शिकवावे, अशी आज स्थिती आहे.

तिसरे उदाहरण वारीचे. शेगावहून निघणारी श्रीगजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड असे करीत आपल्या भागातूनच पंढरपूरला जाते. वारीचे मुक्काम ठरलेले असतात. पाणी, सावली, मोकळी जागा आणि आपुलकीचे गाव, या चार गोष्टी पाहून ते ठरत आले. पंढरपुरात मात्र अडचण होती. आषाढी ऐन पावसाळ्यात, आणि पूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटातच तंबू-राहुट्या पडत. नदीची घाण होई आणि पुराची भीतीही असे. आता नदीपलीकडे ६५ एकर म्हणून ओळखली जाणारी जागा मुक्कामासाठी तयार केलेली आहे. तिला भक्तिसागर असेही नाव आहे. तिथे पाणी, शौचालये, दिवे यांची सोय होते. लाखो माणसांनी पात्रातून उठून काठावर जायचे, हे सोपे नव्हते. तरीही ते होऊ शकले.

आता एक महत्त्वाची गोष्ट. आतापर्यंत सांगितलेले सारे शहाणपण मोकळ्या नदीचे होते. आपली नदी आता मोकळी राहिलेली नाही. पैठणला जायकवाडीचे धरण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. खाली नदीवर बंधारे झाले. आपल्या तालुक्यात डिग्रसचा बंधारा आहे, नांदेडजवळ विष्णुपुरी आहे. त्यामुळे जुन्या माणसाची एक खूण चुकू लागली. पूर्वी तो आभाळ पाहून, पाण्याचा रंग पाहून, वाहून येणारा काडीकचरा पाहून सांगत असे की पूर येतोय. आता आभाळ निरभ्र असतानाही धरणाचे दरवाजे उघडले तर पाणी वाढते. जायकवाडीचे पाणी सोडले की ते त्याच घटकेला आपल्याकडे पोचत नाही, वाट चालून येते. म्हणून सकाळी पाहिलेला काठ रात्री तसाच राहील असे धरून चालू नये. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठाने मोठा पूर पाहिला, तो अनेकांच्या स्मरणात असेल.

म्हणून आज दोघांना विचारावे लागते. गावातल्या जाणत्याला विचारायचे, आणि पाटबंधाऱ्याच्या कचेरीलाही विचारायचे. भोई, कोळी, नदीकाठचा शेतकरी यांना विचारायचे की पाणी जास्तीत जास्त कुठवर आले होते. ते एखादे झाड दाखवतील, देवळाची पायरी दाखवतील. कचेरीला विचारायचे की पाणी सोडणार आहात का, आणि पूररेषा कुठे आहे. पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. कायमची मुक्कामाची जागा बांधायची तर ती लाल रेषेच्या बाहेर असणे शहाणपणाचे. निळ्या रेषेच्या आत तर पावसाळ्यात रात्रीचा तंबूही नको.

तलावाच्या काठची गोष्ट थोडी वेगळी आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या काठी, मावळात पवनेच्या काठी, कोयनेच्या शिवसागराकाठी तापोळ्याला आता तंबूंच्या वस्त्या होतात. धरणाचे पाणी उन्हाळ्यात मागे हटते आणि गाळाची जमीन उघडी पडते. आपल्याकडे तिच्यावर गाळपेर करतात. वरून ती भेगाळलेली, टणक दिसते, पण पाण्याकडे जावे तसा पाय रुततो. तिच्यावर तंबू नको आणि गाडी तर मुळीच नको. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथे टेकते, त्या खुणेच्या वर जागा धरावी. तलावावरून वाराही मोकळा येतो, तेव्हा झाडांची किंवा उंचवट्याची आड पाहावी. आणि आणखी एक ध्यानात ठेवावे. हे निळे पाणी दिसायला सुंदर आहे, पण त्याखाली कोणाची तरी शेते आणि देवळे आहेत. काठावर जो माणूस चहा विकतो, त्याच्या आजोबाचे घर कदाचित त्याच पाण्यात असेल. त्याच्याशी घासाघीस करताना एवढी आठवण असू द्यावी.

आपल्या पालम तालुक्यातही अशी एक जागा आहे, जांभूळबेट. गोदावरीच्या पात्रातले हे नैसर्गिक बेट. जांभळाच्या झाडांवरून त्याला नाव पडले. मोरांचा तिथे वावर आहे, मारुतीचे देऊळ आहे. तिथे पर्यटन वाढावे असे पुष्कळांना वाटते, आणि वाटणे साहजिक आहे. पाहुणा आला तर नावाडी, दुकानदार, भाकरी करून देणारी बाई यांना चार पैसे मिळतील. पण पाण्याच्या माऱ्याने बेटाचे काठ ढासळत असल्याची काळजी गावकऱ्यांना आहे. बेट म्हणजे चहूबाजूंनी नदी. खवासपूरचा लोंढा आणि राक्षसभुवनची कोंडी, दोन्ही तिथे एकाच जागी संभवतात. म्हणून दिवसा जावे, झाडांखाली बसावे, पोरांना मोर दाखवावा, आणि रात्रीचा मुक्काम मात्र थडीच्या उंच जागी करावा. बेटही राहील आणि माणसेही राहतील.

चाकांवरच्या घराविषयी एक शब्द. आपल्या आजोबांना हा प्रकार अपरिचित नव्हता. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला छप्पर घातलेल्या बैलगाडीतून सारे घरदार निघायचे, पीठमिठासकट. गाडी कुठे सोडावी हे त्यांना पक्के ठाऊक असे. काळ्या रानात नाही, मुरमाड माळावर. मराठवाड्याची काळी माती कोरडी असताना दगडासारखी असते, आणि एका सरीने तिचा चिखल होतो. बैलगाडी जिथे रुतते तिथे कित्येक पट जड कॅराव्हॅन काय करील? तेव्हा गाडीला मुरूम हवा, वळायला जागा हवी, आणि निघायची वाट ओढा ओलांडून जाणारी नको.

गुरुजी, बाई, मुलांना घेऊन निघाल तेव्हा या साध्या गोष्टी विसरू नका. उन्हे कलण्याआधी मुक्कामी पोचा. पिण्याचे पाणी वरच्या अंगाला, जनावरे आणि धुणे खालच्या अंगाला, आणि शौचाची जागा पाण्यापासून चांगली दूर, ही आपल्या गावाची जुनी रीत आहे. ती पाळा, आणि पाणी उकळूनच प्या. जिथे वाळूचा उपसा झाला आहे तिथे पोहायला उतरू देऊ नका. वर पाणी संथ दिसते आणि खाली खड्डा असतो. रात्री एकाने जागे राहावे, आणि पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवावी. काठी ओली झाली की पाणी चढते आहे, एवढी साधी खूण पुरते. शेत ज्याचे, त्याला विचारल्याशिवाय चूल पेटवू नये. निघताना जागा आपण आलो त्याहून स्वच्छ करून निघावे.

शेवटी एक काम सुचवतो. आपल्या गावात पुराचे पाणी कुठवर आले होते हे ज्यांना नक्की ठाऊक आहे, अशी माणसे आता थकत चालली आहेत. ती गेली की ती खूणही जाईल. नवीन घर, नवीन शाळा, नवीन तंबू मग पात्रात उभे राहतील आणि कोणाला कळणारही नाही. तेव्हा गुरुजी, येत्या पावसाळ्याआधी एक दिवस मुलांना वही-पेन्सिल देऊन आजी-आजोबांकडे पाठवा. कोणत्या वर्षी, कुठवर पाणी आले, एवढेच विचारून यायचे. उत्तरे ताडून पाहा. मग शाळेच्या भिंतीवर, नाही तर चावडीच्या खांबावर, रंगाने एक रेघ ओढा आणि शेजारी साल लिहा.

औरंगजेबाच्या मीर मंजिलाला खवासपुरात अशी एक रेघ कोणी दाखवली असती, तर ती रात्र वेगळी गेली असती. आपल्या पोरांना ती दाखवायला आपण आहोत.